माहेरी सात, सासरी बेचाळीस

घरासाठी जिनं आपलं सर्वस्व वाहिलं, त्या स्त्रीच्या डोळ्यांतून निखळलेला एकेक अश्रू ही धरणीमाता आपल्या पदरात झेलते आणि कधी ना कधी तिला न्याय देतेच... असं गॅसपुढं उभ्या असलेल्या धोंडाबाईंना अगदी अंतःकरणापासून वाटत होतं, आणि ते वाटण्याच्या भरात त्यांनी आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

बाहेरच्या खोलीत घरची माणसं एका कागदाभोवती बसली होती. कागद रक्ताच्या तपासणीचा होता. रक्त सुनेचं, म्हणजे सारिकाचं होतं. पण सगळे मधूनमधून मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं अशा नजरेनं बघत होते, की त्या कागदावर धोंडाबाईंचंच नाव छापून आलंय की काय असं कुणालाही वाटावं.

कागद फुलाबाईंच्या हातात होता. फुलाबाई म्हणजे धोंडाबाईंची नणंद. लग्न होऊन त्यांना अडतीस वर्षं झाली होती, पण सासर मार्गासनीतच दोन आळ्या सोडून असल्यामुळं त्या माहेर सोडून गेल्या असं कुणाला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं.

"माहेरी सात," फुलाबाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वाचलं. "सासरी बेचाळीस."

सगळ्यांच्या माना पुन्हा स्वयंपाकघराकडं वळल्या.

"आनी खाली डाक्टरीनबाईनं सवताच्या हातानं लिवलंय. राहत्या घरात कारण असावं. शोधून काढून टाका." त्यांनी कागदाची घडी घातली. "दादा, म्या आता काय बोलत न्हाई. रक्तच बोललं."

"बघू," आनंदराव म्हणाले. धोंडाबाईंचे यजमान आनंदराव चाळीस वर्षं 'बघू' म्हणत आले होते आणि त्यांनी काही बघितल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

सारिका भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली. "आईंचं यात काय न्हाई आत्या," ती म्हणाली. "आईंनी मला आजवर कधी..." आणि तिला खोकल्याची अशी उबळ आली की पुढचं सगळं त्यात वाहून गेलं. सासूची बाजू घेताना सुनेचा श्वास कोंडला, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. फुलाबाईंनी तर दोनदा मान हलवून त्याची नोंदच घेतली.

दुखणं तीन वर्षांचं होतं. सारिका भोंगवलीची. लग्न होऊन आली तेव्हा कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढणारी मुलगी. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिला संध्याकाळी तापाची कसर यायला लागली, कोरडा खोकला, आणि वजन असं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. भोरच्या डॉक्टरनं क्षय तपासला, तो निघाला नाही. दम्याचा पंप दिला, त्यानं काही झालं नाही. मग ती विश्रांतीला म्हणून भोंगवलीला गेली आणि आठ दिवसांत बरी झाली. परत आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा खोकला. पुन्हा गेली, पुन्हा बरी. असं सात वेळा झालं.

आता जी सून माहेरी बरी असते आणि सासरी आजारी पडते, तिच्या दुखण्याचं निदान करायला गावात कुणाला दुर्बिणीतून बघावं लागत नाही. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, नाटक करते. दुसऱ्या वर्षी हाडं दिसायला लागली तेव्हा नाटकाचं मागं पडलं आणि लोक म्हणाले, सासू छळते. तिसरी शक्यता कुणाला सुचली नाही.

आणि धोंडाबाईंच्या काळजाला घरं पडली होती ती इथंच. छळल्याचा आरोप सोसायला निदान थोडं छळलेलं तरी असावं! त्यांनी या मुलीला कधी पाण्याचा हंडा उचलू दिला नव्हता. सारिकाला वास सहन होत नाही म्हणून मशेरी सोडली होती. चाळीस वर्षांची मशेरी. आणि लग्न करून आली त्याच दिवशी, मार्गासनीच्या पावसात भोंगवलीच्या कोरड्या हवेतली पोर गारठेल म्हणून स्वतःची खोली तिला दिली होती. अख्ख्या घरात तीच एक खोली उबदार. वर माळा, माळ्यावर गच्च पेंढा. त्याखाली झोपलेल्याला आषाढात दुसरी गोधडी लागत नसे. स्वतः धोंडाबाई त्या दिवसापासून पडवीत झोपत होत्या. गुडघे दुखायचे. त्या बोलत नव्हत्या... म्हणजे दिवसातून दोनदाच बोलत होत्या.

तपासणीचं असं झालं होतं की पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातली अश्विनी नावाची तरुण डॉक्टर नसरापूरला दर पंधरा दिवसांनी शिबिर घ्यायची. शेतकरी बायकांच्या फुप्फुसांवर तिचा अभ्यास चालला होता. रक्तात इंटरल्यूकिन नावाचं एक प्रथिन किती आहे ते ती मोजायची. फुप्फुसात दाह असला की ते वाढतं. सारिकाचं पहिलं रक्त ती मार्गासनीहून शिबिराला आली तेव्हा काढलं, दुसरं ती भोंगवलीला असताना. दोन आकड्यांतला फरक बघून ती चकित झाली, कागदावर दोन ओळी लिहिल्या, आणि ही माणसं आता घर धुंडाळतील अशा समजुतीत पुण्याला निघून गेली.

घरच्यांनी धुंडाळलं. त्याला एक मिनिटही लागलं नाही.

"वहिनी," फुलाबाई स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "तुमी मनाला लावून घिऊ नका. तुमी लई चांगल्या हाय. पन येकेकीची सावलीच तशी असती."

"वन्सं, माझ्या सावलीत तुमची तीन बाळंतपनं झाली."

"तवा म्या कुठं खोकत हुते?"

धोंडाबाईंनी सोमनाथकडं, पोटच्या मुलाकडं पाहिलं. तो टेम्पो चालवायचा आणि घरातल्या कुठल्याही भांडणात त्याचा टेम्पो नेमका धुवायला झालेला असायचा. आत्ता मात्र तो बसून होता. "आई," तो खाली बघत म्हणाला, "डॉक्टरनं लिहिलंय ना गं. नुस्तं म्हैनाभर. बघू तर फरक पडतोय का."

बघू म्हणणारे घरात दोन झाले होते. धोंडाबाईंच्या अंतरात्म्यात काहीतरी कडकन तुटलं. ज्या उंबऱ्यावर त्यांनी माप ओलांडलं, तो उंबरा आज आपल्याच रक्ताच्या सांगण्यावरून ओलांडायचा होता... नाही, रक्त सारिकाचं होतं. पण दुःखाच्या वेळी इतका बारकावा कोण बघतं.

"म्या जाते," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी पोरीचा जीव जात आसंल तर म्या हितं पानी बी पिनार न्हाई." मग आमटी वाढली. ती कुणालाच खाता आली नाही, आणि त्या रात्री सगळे उपाशी राहिले याचा अर्थ धोंडाबाईंनी आपल्याला हवा तसा घेतला.

भोरला त्यांचा धाकटा भाऊ रामभाऊ राहायचा. जायच्या दिवशी सकाळी दहाच्या एसटीला सगळे फाट्यावर आले. धोंडाबाईंनी सुनेला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, गदगदून म्हणाल्या, "म्हशीला सकाळी पेंढा काढत जा. बाकी काय मागत न्हाई." सारिकानं पाया पडून डोळ्यांना पदर लावला. आळीतल्या दोन बायका रडल्या. एसटी आली नाही. अकरा वाजले. रडलेल्या बायकांना कामं होती, त्या गेल्या. साडेअकराला आनंदराव "बघू" म्हणून चहाला गेले. शेवटी वडापची एक खासगी जीप आली, तीत मागच्या बाजूला अर्धी जागा होती, आणि एका माउलीचा चाळीस वर्षांचा संसार मांडीवर कोंबड्यांची पाटी घेतलेल्या माणसाला चिकटून नसरापूरमार्गे भोरकडं निघाला.

भोरला त्यांना कशाची उणीव नव्हती, आणि तीच मोठी उणीव होती. भावजयीकडं कपडे मशीन धुवायचं, भांड्यांना बाई यायची. त्या गॅलरीत बसायच्या आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडं बघत आपल्या त्यागाचा विचार करायच्या. गौरी बसल्या, जेवल्या, गेल्या. मार्गासनीच्या घरात त्या पहिल्यांदा धोंडाबाईंवाचून बसल्या. फुलाबाईंचा रोज फोन यायचा. सारिकानं आज दोन भाकऱ्या खाल्ल्या. आज एकच खाल्ली. भोंगवलीचे लोक म्हणतात, सासू गेली म्हणून पोर जगली. तुमच्या माहेरचे, पांगाऱ्याचे पाव्हणे म्हणतात, सासूला घराबाहेर काढलं. त्यांना मीच कळवलंय, तुमी काळजी करू नका. एकाला कळलं की ते चौघांना कळायचं, चौघं फुलाबाईंना फोन करायचे, आणि त्यांच्याकडून ते सगळं पुन्हा भोरच्या गॅलरीत यायचं.

सहा आठवड्यांनी सोमनाथचा फोन आला.

"आई, सारिकाचं तिसरं रक्त काढलं व्हतं."

धोंडाबाईंनी डोळे मिटले. आपल्या विरहानं ते पाखरू टवटवीत झालं असेल तर आपण हसत हसत हा वनवास जन्मभर भोगू, असा निश्चय त्यांनी त्या क्षणी खरोखर केला.

"अठ्ठावन्न," सोमनाथ म्हणाला.

"म्हंजी?"

"वाढलंय. तू असताना बेचाळीस व्हतं."

धोंडाबाईंना पहिल्यांदा वाटलं ते समाधान होतं, आणि ते वाटल्याबरोबर त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की त्यांनी फोन भावजयीच्या हातात दिला. सोमनाथ पलीकडून बोलतच होता. सारिका आता चार पावलांवर दम लागून बसते. पुण्याला भरती केलीय. स्कॅन काढला. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसात अजून सूज आहे, पण कडेला व्रण धरायला लागलाय. असंच चाललं तर दोन-तीन वर्षांत नळी लावून प्राणवायू द्यावा लागेल. कारण सापडेपर्यंत तिला त्या घरात पाऊल ठेवायचं नाही. आणि नाहीच सापडलं तर सोमनाथ नसरापूरला खोली बघणार होता, कायमची.

म्हणजे सून जाणार होती, पोरगा जाणार होता, आणि पुढंमागं होईल ते नातवंड धोंडाबाईंना नसरापूरच्या बाजारात भेटणार होतं. आणि हे सगळं त्या निर्दोष ठरल्यानंतर...

डॉक्टर अश्विनी स्वतः मार्गासनीला आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. तिनं घरातल्या सगळ्यांना हजर राहायला सांगितलं होतं, म्हणून धोंडाबाईही भोरहून आल्या होत्या. ओट्यावर पाऊल टाकण्याआधी तिनं तोंडाला मास्क लावला, ते फुलाबाईंना आवडलं नाही.

"मी लिहून दिलं होतं," अश्विनी म्हणाली. "घरात कारण असेल, शोधा."

"शोधलं की," फुलाबाई म्हणाल्या.

"मग?"

"भोरला पाठवलं."

अश्विनीनं फुलाबाईंकडं पाहिलं, मग कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन पाहुण्यासारख्या बसलेल्या धोंडाबाईंकडं पाहिलं, आणि कपाळ चोळलं.

"आजी, तुम्हाला यांनी घराबाहेर काढलं?"

"काढलं न्हाई. म्या त्याग केला."

"कशासाठी?"

"रक्तात आलं व्हतं."

अश्विनी ओट्यावर खाली बसली. शिकलेल्या माणसाला असा प्रसंग आयुष्यात एकदा येतो, की आपण लिहिलेलं सगळ्यांनी अक्षरशः पाळलेलं असतं. "ऐका," ती म्हणाली. "हा एक आकडा एकटा काही सांगत नाही, म्हणून आम्ही स्कॅन केला, फुप्फुसात पाणी सोडून तपासलं. फुप्फुसात नको ते काही शिरलं ना, की तिथल्या पेशी ही प्रथिनं सोडतात. या प्रथिनांना स्वतःला लढता येत नाही. रक्तातून फिरायचं आणि लढणाऱ्या पेशींना निरोप द्यायचा, एवढंच त्यांचं काम. त्या धावत येतात. आल्या की त्या आणखी निरोप सोडतात, मग आणखी येतात. आत शिरलेलं असतं चिमूटभर. पण त्याच्यासाठी जमाव इतका होतो, की हवेला जागा उरत नाही. जमाव पांगला तर फुप्फुस सुधारतं. रोजच निरोप जात राहिले तर घट्टा धरतो, तो मग जात नाही."

धोंडाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "म्हंजी निरोप देनारी वाईट न्हाईत."

"नाही. वेळेला लागतातच. थांबत नाहीत, हा त्रास आहे."

धोंडाबाईंनी नणंदेकडं मान वळवली. "वन्सं, ऐकताय न्हवं?"

"म्या कशाला ऐकू," फुलाबाई म्हणाल्या. "मला कुठं खोकला हाय."

अश्विनी घरात फिरली. कबुतरं आहेत का विचारलं, नव्हती. कोंबड्या लांब होत्या. भिंती पाहिल्या, गाद्या उलटल्या. मग सारिकाच्या खोलीत उभी राहून तिनं वर पाहिलं. खिडकीतून उन्हाची तिरीप आली होती आणि त्या तिरिपेत माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून बारीक करडी धूळ संथपणे खाली उतरत होती, अगदी पलंगावर.

"वर काय आहे?"

"पेंढा," आनंदराव म्हणाले. त्यांनी 'बघू' सोडून दुसरा शब्द उच्चारल्यामुळं सगळेच दचकले.

"कधीपासून?"

"घर बांधल्यापासनं."

म्हणून तर तो कुणाला दिसला नव्हता. भात झोडलं की पेंढा माळ्यावर जायचा, परतीच्या पावसात भिजलेला असला तरी जायचा, कारण मार्गासनीत बाहेर ठेवला तर कुजतो आणि म्हशीनं वर्षभर खायचं काय. सोमनाथनं शिडी लावून एक पेंढी खाली टाकली. ती जमिनीवर आपटली आणि पिठाची पिशवी फुटावी तसा पांढुरका धूर उठला. अश्विनी दोन पावलं मागं सरली.

"बुरशी," ती मास्कमधून म्हणाली. "ओलसर पेंढ्यात धरते, वाळली की भुकटी होते. भोंगवलीला पेंढा कुठं ठेवतात?"

"तिकडं कडबा," सोमनाथ म्हणाला. "रानात गंजी लावत्यात."

"आणि इथं रोज तो खाली कोण काढायचं?"

"आई काढायची. आई गेल्यावर..." सोमनाथ थांबला.

धोंडाबाईंना सगळं एकदम समजलं आणि त्या मटकन पलंगाच्या कडेवर बसल्या. आपल्या हृदयाची ऊब म्हणून जी खोली त्यांनी पोरीच्या ओंजळीत घातली होती, तीच रात्रंदिवस तिच्या छातीत भुकटी होऊन उतरत होती... तीन वर्षं... आणि फाट्यावर निरोपाच्या वेळी त्यांनी तिच्याकडं जे एकच मागितलं, तेही पेंढा काढायचंच.

"बाई," त्या म्हणाल्या. "म्हंजी वन्सं खरं बोलत व्हत्या. म्याच केलं."

"आजी, बुरशीनं केलं."

"खोली म्या दिली."

"तुम्ही स्वतः किती वर्षं झोपलात इथं?"

"पस्तीस."

"खोकला?"

"न्हाई."

"काही शरीरं बुरशीकडं बघतही नाहीत. काही निरोपावर निरोप धाडतात. कुणाचं कसं, ते आधी सांगता येत नाही." अश्विनीनं वही मिटली. "उठा आता तिथून."

दोन दिवसांनी धोंडाबाई पुण्याच्या रुग्णालयात सारिकाच्या खाटेपाशी उभ्या होत्या. सारिकाला गोळ्या चालू झाल्या होत्या, तोंड थोडं सुजलं होतं. धोंडाबाईंनी वाटेत एसटीत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. क्षमा, पातक, पदर हे शब्द त्यांत होते. प्रत्यक्षात त्यांना म्हणता आलं ते इतकंच, "तुला गारठा लागू नये म्हनून दिली व्हती गं."

"ठावं हाय की," सारिका म्हणाली. "पहिल्या दिवशी तुमी तुमचा पलंग झटकून दिला मला. माझ्या आईनं बी तिची खोली मला कधी दिली नसती." ती दम घ्यायला थांबली. "मी घरी म्हणत होते, आईंचं काय न्हाई. वाक्य पुरंच व्हायचं न्हाई."

"आत्ता झालं न्हवं पुरं."

"झालं."

दोघी रडल्या. पलीकडच्या खाटेवरची बाईही सवयीनं रडली. नर्सनं येऊन सांगितलं की पेशंटला रडवू नका, धाप लागते. तेव्हा धोंडाबाईंनी सुनेचे डोळे पुसले आणि स्वतःचं रडणं बाहेर बाकावर नेऊन संपवलं.

सारिका घरी आली ती दिवाळीनंतर, धुतलेल्या, चुना दिलेल्या, थंडगार खोलीत. दोन गोधड्या घेऊन. संक्रांतीला तिचं रक्त पुन्हा काढलं, आकडा नऊ आला. स्कॅनमध्ये कडेचा थोडा व्रण राहिला तो राहिलाच, चढावर तिला अजून थांबावं लागतं. फुलाबाईंनी पंचक्रोशीत कळवलं की सुनेला त्यांच्याच नवसानं गुण आला, पांगाऱ्याचे पाव्हणे अजून आनंदरावांशी बोलत नाहीत, आणि भोंगवलीच्या लोकांनी धोंडाबाईंची माफी मागायची की नाही यावर दोन बैठका झाल्या आहेत.

माळ्यावरचा सगळा पेंढा खाली उतरवून गोठ्यामागं ताडपत्रीखाली रचायला सोमनाथ आणि दोन गड्यांना चहा धरून एक तास चाळीस मिनिटं लागली.